घरच्या संडासाचे भांडे, घरच्याच हाताने

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)



दरवर्षी या मंचावरून मोठे मोठे विषय होतात. प्राध्यापक साहेबांनी इथे प्रतीत्यसमुत्पाद समजावून सांगितला, वकील साहेबांनी राज्यघटना सांगितली. मला सेक्रेटरींनी विचारले, तुमचा विषय काय लिहू? मी म्हणालो, लिहा, संडासाचे भांडे. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, "अहो, पत्रिका घरोघर जाणार आहे." मी म्हणालो, "संडासही घरोघर आहे." शेवटी त्यांनी पत्रिकेत 'स्वच्छता आणि स्वावलंबन' असे छापून टाकले. असू द्या. मी भांड्यावरच बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरातला संडास जुना, खाली बसायचा, ओरिसा पद्धतीचा. आमच्या आईचे गुडघे गेलेले. एके दिवशी आत गेली ती उठताच येईना. आतून कडी. माझ्या मुलाने पत्र्याच्या दाराची बिजागरी काढून तिला बाहेर आणले. म्हातारी पडली नाही, लागले नाही, पण त्या दिवसापासून तिने पाणी पिणे कमी केले. का, तर संडासात जायला लागू नये म्हणून. हे मला आठवड्याने कळले, बायकोने सांगितले तेव्हा. त्यातच शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली होती. त्या भल्या, बोलल्या नाहीत, पण भिंतीचे पोपडे आम्हालाही दिसत होते. म्हणजे आमचे भांडे खालून कुठेतरी फुटले होते आणि आमचे पाणी त्यांच्या चुलीमागे जात होते.

मी प्लंबर बोलावला. चांगला ओळखीचा. आपल्यातलाच, गाडीवर अशोकचक्र. त्याने बघितले, नवीन कमोड बसवायची मजुरी सांगितली. मग म्हणाला, "पण दादा, जुनं भांडं काढायचं काम आपण करत नाय. त्याला माणूस वेगळा."

"वेगळा म्हणजे कोण?"

"हाय की पलीकडच्या मेहतर वस्तीतलं एक पोरगं. पाचशे रुपये आणि एक क्वार्टर दिली की निमूट काढतंय."

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. त्या प्लंबरचा राग आला म्हणून नव्हे. मला माझी आजी आठवली म्हणून.

मी लहान असताना आमच्या गल्लीला टोपलीचे संडास होते. वर दोन दगड, खाली पत्र्याचा डबा, मागच्या बोळातून एक बाई यायची, डबा ओढून काढायची आणि डोक्यावरच्या पाटीत उपडा करायची. पावसाळ्यात पाटी गळायची. आम्ही पोरे नाक धरून तिच्यामागे ओरडायचो. उन्हाळ्यात ती कधी आमच्या दारात पाणी मागायची. माझी आजी, जिने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर बसून दीक्षा घेतली, जिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोला हार कधी चुकला नाही, ती आजी त्या बाईला पाणी द्यायची. पण वरून ओतायची. ती बाई ओंजळ धरायची आणि आजी हातभर उंचीवरून तांब्या वाकडा करायची. ज्या आजीला तिच्या गावच्या पाणवठ्यावर हातभर लांबून पाणी ओतले होते, तीच ही आजी. मला तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही. हे सांगताना आज या विहारात मला मान खाली घालावी लागते, पण सांगितले पाहिजे.

म्हणून सकाळी उठून मी घरात जाहीर केले, भांडे मी काढणार.

घरात जे झाले ते तुमच्याही घरात होईल. माझे मोठे दाजी आले होते. जुने कार्यकर्ते, मोर्चात लाठी खाल्लेले. ते म्हणाले, "अरे, १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, ही असली कामं टाकून द्या. आपल्या बापजाद्यांनी उपाशी राहून ती टाकली. आणि तू शिकला-सवरलेला माणूस पुन्हा घाणीत हात घालतोस? उद्या लोक म्हणतील, यांची जात गेली नाही."

दाजींचे म्हणणे खोटे नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि वाचलेही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले या विषयावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४५ साली निघाला. त्यात मैला वाहण्याच्या कामाला थोर सेवा म्हणून गौरवणाऱ्यांचा बाबासाहेबांनी चांगलाच समाचार घेतला आहे. ज्या माणसाला दुसरे काही करण्याची मुभाच नाही त्याला तुझे काम पवित्र आहे असे सांगणे ही त्याची थट्टा आहे, असा त्यांचा मुद्दा आहे. आणि तिथेच ते आणखी एक गोष्ट दाखवून देतात. आपल्या देशात माणूस झाडूकामामुळे झाडूवाला ठरत नाही. जन्मामुळे ठरतो, मग तो हातात झाडू धरो किंवा न धरो.

आता हे उलटे करून बघा. घाण काम केल्याने माणूस हलका होतो असे जर आपण मानत असू, तर आपण कोणाचे मत मानतो? बाबासाहेबांनी कामे सोडायला सांगितली ती जन्माने गळ्यात बांधलेली कामे. गावकी, येसकरी, फुकट राबणूक. स्वतःच्या आईसाठी, स्वतःच्या घरात, स्वतःचे भांडे बदलणे हे काही गावकीचे काम नव्हे. उलट आपण वर चढलो आणि शिडी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवली, तर महाडला आपण काय शिकलो? बावीस प्रतिज्ञांमध्ये नववी प्रतिज्ञा माणसामाणसांत समता मानण्याची आहे आणि दहावी ती समता आणण्यासाठी प्रयत्न करण्याची. नववी आपण पाठ म्हणतो. दहावी म्हणताना आवाज थोडा खाली जातो, असा माझा अनुभव आहे.

दाजींना मी एवढे सगळे बोललो नाही. त्यांना म्हणालो, "दाजी, तुमचं म्हणणं खरं, पण आईनं पाणी प्यायचं सोडलंय." ते गप्प झाले. मग म्हणाले, "घण आहे का तुझ्याकडं?"

आता प्रत्यक्ष कामाचे सांगतो. मी सूतगिरणीत फिटर आहे. मशीन उघडायचे, बघायचे, पुन्हा बसवायचे, ही सवय हाताला आहे. पण संडासाचे काम कधी केले नव्हते. त्यामुळे जिथे चुकलो तेही सांगेन, कारण तुमचा खर्च तिथेच वाचेल.

पहिली गोष्ट माप. कमोड दोन प्रकारचे येतात. ज्याचे तोंड खाली जमिनीत जाते तो एस ट्रॅप, ज्याचे मागे भिंतीत जाते तो पी ट्रॅप. आपल्या वस्तीत बहुतेकांचा पाईप जमिनीत आहे, म्हणजे एस. त्यात पुन्हा भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंतचे अंतर बघून कमोड घ्यावा लागतो. चार इंची, सहा इंची, नऊ इंची, बारा इंची असे येतात. हे अंतर फरशी लावलेल्या भिंतीपासून मोजायचे. नुसत्या प्लास्टरपासून मोजले आणि नंतर फरशी लावली की कमोड भिंतीला अडतो. दुकानदार माप विचारत नाही, तो जे असेल ते देतो. आणि आधी फोडून पाईप उघडा करा, माप घ्या, मगच दुकानात जा. आमचे नऊ इंच भरले.

तयारी. आईला दोन दिवस बहिणीकडे पाठवले. शेजाऱ्यांना सांगितले. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, डोळ्याला चष्मा. चष्म्याला हसू नका. चिनी मातीचे भांडे फुटते तेव्हा काचेसारखे तुकडे उडतात. धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले असावे. आदल्या रात्री भरपूर पाणी ओतून ब्लीचिंग पावडर टाकली. इथे एक धोका लक्षात ठेवा. संडास धुवायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका वेळी टाकायचे नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो माणसाची छाती धरतो. हे भगिनींनी जास्त लक्षात ठेवावे, कारण हे काम घराघरात अजून त्यांच्याच गळ्यात आहे. त्यावर वेगळे भाषण होईल.

भांडे अख्खे निघेल अशी आशा होती. निघत नाही. ते सिमेंटात गाडलेले असते. कडेने चार इंच फरशी छिन्नीने मोकळी केली आणि मग दाजींनी घण घातला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण हात काय पडत होता! भांड्याचे तुकडे निघाल्याबरोबर पाईपच्या तोंडात पोत्याचा बोळा घातला. बोळ्याला सुतळी बांधायची आणि सुतळीचे दुसरे टोक खिळ्याला. नाहीतर बोळा आत जातो आणि मग रस्त्यापर्यंत खोदावे लागते. बोळ्याने दोन कामे होतात. तुकडे आत पडत नाहीत आणि गॅस वर येत नाही.

भांड्याखाली काय दिसले? भांडे आणि खालचा ट्रॅप यांच्या सांध्याला नुसते सिमेंट फासले होते, ते तडकलेले. कित्येक वर्षे थोडे थोडे पाणी तिथून खाली मुरत होते. भांड्याखालची माती हातभर खोल काळी पडली होती. वहिनींच्या भिंतीचे उत्तर तिथे होते. ती सगळी माती मी आणि मुलाने घमेल्याने काढली. वास होता. खोटे कशाला बोलू, पहिल्या घमेल्याला मला ओकारी आली. दहाव्याला काही वाटले नाही. मुलगा कॉलेजला जाणारा, तो आधी तोंड फिरवत होता. मग म्हणाला, "पप्पा, हे आपलंच आहे ना सगळं." मी म्हटले, "आपलंच. वीस वर्षांचं."

आता माझी चूक. ट्रॅप म्हणजे काय, तर वाकडी नळी. तिच्या बाकात नेहमी दोन-एक इंच पाणी थांबून राहते आणि ते पाणी खालचा वास वर येऊ देत नाही. एवढेच त्याचे काम. हे वाकडे वळण १७७५ साली लंडनच्या ॲलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने पेटंट केले आणि तो होता घड्याळे बनवणारा कारागीर. आपल्यासारखा हाताने काम करणारा, म्हणून मला त्याचे कौतुक वाटते. त्या एका वळणामुळे संडास घरात आणता आला. तर आमच्या जुन्या भांड्याखाली असा ट्रॅप होता, दिसायला धडधाकट. मी विचार केला, चांगली वस्तू कशाला काढायची? तो तसाच ठेवला, वर विटांचे रोडे, वाळू, काँक्रीट घालून जमीन केली, पाणी मारून सुकू दिली आणि कमोड बसवला. दिसायला इतका सुंदर की बायकोने कुंकवाची डबी पुसावी तसा पुसला.

पहिली बादली ओतली. पाणी काठापर्यंत वर आले आणि थांबले. मग घुटक घुटक करीत उतरले. दुसऱ्या बादलीला तेच. प्लंबरला फोन करायचा नव्हता, तो हसला असता. मी सायकल काढली आणि त्या मेहतर वस्तीत गेलो. ते पोरगे शोधले. पोरगे कसले, तीस वर्षांचा बाप्या आहे, दोन मुलींचा बाप, गटारसफाईच्या कंत्राटावर. मी सांगायला लागलो तर मध्येच तोडून म्हणाला, "काका, खालचा ट्रॅप तसाच ठेवला का?"

त्याला बघायची सुद्धा गरज पडली नाही. नव्या कमोडच्या पोटात त्याचा स्वतःचा ट्रॅप असतो. त्याच्याखाली दुसरा ट्रॅप आला की दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडते, तिला जायला वाट नाही, ती पाणी उतरू देत नाही. एका पाईपाला दोन ट्रॅप कधीच नको. मी गिरणीत एवढी वर्षे हवेच्या लाईनी दुरुस्त केल्या आणि माझ्या डोक्यात हे आले नाही.

तो आमच्या घरी आला. मी म्हटले, "तू हात लावू नको, नुसतं सांग, मी करतो." तो हसला. म्हणाला, "काका, हात लावल्याबिगर सांगता येत नाय." दोघांनी मिळून केले. काँक्रीट पुन्हा फोडले, जुना ट्रॅप काढला, चेंबरपर्यंत सरळ चार इंची पाईप टाकला. पाईपाला उतार फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटांना अडीच इंच. हे माप त्याला तोंडपाठ. पाणसळ त्याने वापरली नाही, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरली. शाळा सातवी. प्लंबर जेवढी मजुरी सांगत होता तेवढी मी त्याच्या हातावर ठेवली. आधी घेईना. मग घेतली आणि मोजली. मोजली याचा मला आनंद झाला.

चहाच्या वेळी मी त्याला विचारले, "क्वार्टर घेऊन काढतोस म्हणे?" तो म्हणाला, "काका, शुद्धीत राहून दुसऱ्याच्या घाणीत हात घालून बघा एकदा." यावर मला काही बोलता आले नाही. अजूनही येत नाही.

कमोड बसवताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. आधी कोरडाच ठेवून भोकांच्या खुणा करा, मग ड्रिल, प्लग आणि न गंजणारे स्क्रू. स्क्रू एका बाजूचा पुरता आवळून मग दुसरा, असे करायचे नाही. एक वेढा इकडे, एक वेढा तिकडे. मशीनची प्लेट बसवतो तसे. नाहीतर चिनी माती तडकते आणि तडा गेलेला कमोड दुकानदार परत घेत नाही. सांध्याला रबरी कनेक्टर वापरा, नुसते सिमेंट नको. साबणाचे पाणी लावले की सरकतो. बुडाभोवती पांढऱ्या सिमेंटची कड भरा, पण मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडा. कधी गळती झाली तर तिथून पाणी बाहेर दिसेल, वीस वर्षे जमिनीत मुरत राहणार नाही. नंतर एक दिवस वापर बंद.

पाण्याचे म्हणाल तर जुन्या टाक्यांना एका वेळेला दहा लिटर किंवा जास्तच लागायचे. हल्लीच्या दोन बटणांच्या टाकीला छोट्याला तीन आणि मोठ्याला सहा लिटर पुरतात. नळाला पाणी नसेल त्या दिवशी अर्धी बादली एका झटक्यात ओतली तरी काम होते, थेंब थेंब ओतून होत नाही. आणि म्हातारी माणसे असतील तर बाजूला धरायला लोखंडी दांडा लावाच. तो विटेत पक्का बसवा. नुसत्या फरशीच्या आधाराने लावलेला दांडा माणसासकट निघतो.

आई परत आली तेव्हा तिने दांडा धरून दोनदा उठून-बसून बघितले. मग म्हणाली, "इंग्लिश हाय व्हय?" आणि तांब्याभर पाणी प्यायली.

हे सगळे झाल्यावर मी भन्तेजींना सहज विचारले की भगवान बुद्धांनी संडासावर काही सांगितले आहे का. मला वाटले ते रागावतील. त्यांनी विनयपिटक काढले. चुल्लवग्गात वच्चकुटीचे, म्हणजे संडासाचे नियम दिले आहेत, बारीकसारीक. बाहेरच्याने आधी खोकायचे, आत कोणी असेल तर त्यानेही खोकून कळवायचे. चीवर बाहेर वळणीवर टाकायचे. घाईने घुसायचे नाही. आणि जागा खराब दिसली तर धुवायची, केर असेल तर झाडायचा, धुण्याच्या भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवायचे. हे वापरणाऱ्या भिक्खूनेच करायचे. हे नियम का झाले? तर एक भिक्खू, जन्माने ब्राह्मण, शौचाला जाऊन आल्यावर धुवायचाच नाही. त्या घाणीला हात कोण लावणार, असे त्याचे म्हणणे. त्याच्यावरून भगवंतांनी सगळ्यांनाच नियम घालून दिला.

आणखी एक नियम मला फार आवडला. आधी ज्येष्ठतेने आत जायचे अशी पद्धत होती. त्यामुळे लहान भिक्खू आधी येऊनही ताटकळत राहायचे आणि कळ दाबून धरून चक्कर येऊन पडायचे. तेव्हा भगवंतांनी ठरवून दिले, जो आधी आला तो आधी जाईल. इतर ठिकाणी ज्येष्ठांचा मान, पण संडासाच्या दारात नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी हा विचार! आणि कोसंबीला संघात जे मोठे भांडण झाले, ज्याला कंटाळून भगवंत एकटे रानात निघून गेले, ते धम्मपदाच्या अट्ठकथेप्रमाणे सुरू झाले संडासातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून. हे ऐकून मला जरा धीर आला. आपल्या समितीत माईकवरून झाले होते, त्या मानाने बरे.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात झाडूवाल्या सुनीताच्या दीक्षेची कथा आहे. वर्षावासात आपण ती दरवर्षी वाचतो. राजगृहाच्या रस्त्यावर भगवंत समोरून येताना पाहून सुनीत अंग चोरून बाजूला होतो आणि भगवंत त्याच्याचकडे वळतात. आपण वाचतो, साधू साधू म्हणतो आणि खिचडी खाऊन घरी जातो. आपल्या गल्लीतला सुनीत त्या वेळी कुठे असतो? बहुतेक वेळा चेंबरमध्ये असतो.

त्याबद्दल एकच बोलतो, पण कडक बोलतो. घरातले भांडे स्वतः बदला, त्यात जिवाला धोका नाही. पण सेप्टिक टाकीत कोणीही उतरायचे नाही. तुम्ही नाही, तुमचा मुलगा नाही आणि पैसे देऊन आणलेला माणूस तर मुळीच नाही. आपण तिला 'सेफ्टी टाकी' म्हणतो, पण तिच्यात सेफ्टी काही नसते. आत सडक्या मैल्याचा वायू साचतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण तो जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस वर यायच्या आत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या पेपरात एकाच्या नसतात, दोघा-तिघांच्या असतात, त्याचे कारण हे.

कायदाही आहे. डोक्यावरून मैला वाहायला लावण्यावर आणि टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकेला नाही, उतरवणाऱ्या प्रत्येकाला आहे, मग तो घरमालक असला तरी. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख रुपये द्या, असे सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ ला तीच रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढली याचा अर्थ माणसे मरायची थांबली नव्हती. टाकी भरली तर यंत्राची गाडी बोलवा. बोळ अरुंद आहे, गाडी येत नाही, असे सांगतील. लांब पाईप मागा. आणि माणूस उतरवू या म्हणणारा कोणी निघाला, तर तो आपल्यातला असला तरी त्याला दारातून परत पाठवा.

शेवटी समितीला एक विनंती. आपल्या विहाराच्या मागच्या संडासाचे भांडे तडकले आहे, हे सर्वांना माहीत आहे. महिला मंडळाच्या म्हाताऱ्या आज्या वंदनेला येतात आणि अर्ध्यातून उठून घरी जातात, त्याचे कारण बऱ्याच जणांना माहीत नसेल. समितीच्या मागच्या बैठकीत त्यासाठी 'माणूस लावायचे' ठरले. मी त्या ठरावाला विरोध नोंदवला आहे. भांडे, पाईप आणि सिमेंटचे पैसे वर्गणीतून निघतील. मजुरी लागणार नाही.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आठ वाजता काम सुरू करू. घण, छिन्नी, पाणसळ, दोन घमेली माझ्याकडे आहेत. दाजी येणार आहेत. तो चेंबरवाला मित्रही उतार बघायला येतो म्हणाला आहे. तो त्या दिवशी आपल्याबरोबर पंगतीला बसेल, मध्ये बसेल, शेवटी नाही. मागे उभे असलेल्या तरुणांपैकी सहा जण पुरे. अध्यक्ष साहेब, पहिले नाव मी तुमचे लिहिले आहे. जुने कपडे घालून या आणि रबरी मोजे आपापले आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!